अकराव्या वचनाआधी दहावं वचन आहे

आजचे वाचन : यिर्मया २८ व २९, दानीएल ९:१-१९



यिर्मया २९:११ माहीत नाही असं ख्रिस्ती घर शोधूनही सापडणार नाही. कॅलेंडरवर, नव्या घराच्या भिंतीवर, सकाळच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये हे वचन असतंच. देवाने आपलं भलंच योजलं आहे आणि पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. वचन खरं आहे, आणि घट्ट धरून ठेवावं असंच आहे. पण आज त्याच्या आधीचं, दहावं वचनही वाचू या. तिथे देव सांगतो की बाबेलची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन.

सत्तर वर्षे! हे पत्र ज्यांच्या हाती पडलं, त्यांच्यातल्या चाळिशीच्या माणसाने काय समजायचं? एवढंच, की मी यरुशलेम पुन्हा पाहणार नाही. कदाचित माझी मुलं पाहतील, नातवंडं पाहतील.

थोडी पार्श्वभूमी पाहू. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यहूदाच्या तरुण राजाला, सरदारांना आणि कारागिरांना बंदिवान करून बाबेलला नेलं. त्यानंतर काही वर्षांनी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहिला आणि म्हणाला की दोन वर्षांत सगळं परत येईल : राजा, माणसं, मंदिरातली पात्रं. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जूही त्याने सर्वांदेखत मोडून टाकलं. लोकांना ते किती आवडलं असेल!

लक्षात घ्या, हनन्या परक्या देवाचं नाव घेत नव्हता. तोही परमेश्वराच्याच नावाने बोलत होता. यरुशलेमला देवाने पूर्वी अश्शूरच्या राजापासून वाचवलं होतं (यशया ३७), म्हणजे त्याच्या बोलण्याला जुना आधारही दाखवता आला असता. आणि यिर्मया रागावला का? नाही. तो आधी 'आमेन' म्हणाला. देवाने असंच करावं, अशी त्याचीही इच्छा होती. पण आपली इच्छा आणि देवाचं वचन यांतला फरक त्याने पुसला नाही.

आपल्या सोयीची श्रद्धा अशीच तयार होते. ती क्वचितच उघड खोट्यापासून सुरू होते. ती खऱ्या वचनातले आकडे बदलते. सत्तरचे दोन करते.

आता नुकसान काय झालं ते पाहा. २९ व्या अध्यायात देव बंदिवानांना सांगतो : घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दोन वर्षांवर विश्वास ठेवणारा माणूस यातलं काय करील? तो बाग कशाला लावेल? सामान बांधून दाराशी बसेल. म्हणजे खोट्या दिलाशाने त्याच्याकडून आज्ञापालनच काढून घेतलं. आणि तिसरं वर्ष उजाडलं की तो हनन्याला दोष देणार नाही, देवाला देईल.

आठव्या वचनात आणखी एक गोष्ट आहे. देव म्हणतो, तुमच्या स्वप्नांकडे लक्ष देऊ नका. मूळ हिब्रूचा एक अर्थ असा होतो की ही स्वप्नं लोक स्वतःच पाडून घेत होते. मागणी तसा पुरवठा! पौलही तीमथ्याला हेच सांगतो की लोक आपल्या कानांना गोड वाटेल असे शिक्षक स्वतःभोवती जमवतील (२ तीमथ्य ४:३).

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी टेस्ट सारखी फेल होत असेल, तर ती कॉमेंट करून टाकायचा मोह होतो. स्क्रीन लगेच हिरवी दिसते, सगळे खूश. पण बग जागच्या जागी असतो, आणि तो ग्राहकाकडे जाऊन फुटतो. नको असलेली वचनं बाजूला ठेवली की मन असंच हिरवं दिसतं. फुटतं ते संकटात.

आमच्या प्रार्थना गटातल्या एका भावाची नोकरी गेली. पहिल्याच दिवशी त्याला अनेकांनी २९:११ पाठवलं, फुलांच्या चित्रासकट. आठ महिन्यांनी तो म्हणाला, "माझ्या वाटणीची योजना देव विसरला वाटतं." मग आम्ही त्याच्यासोबत बसून पूर्ण अध्याय वाचला. दहाव्या वचनाशी तो थांबला आणि म्हणाला, "म्हणजे उशीर होणार हेही देवाने आधीच सांगितलं होतं." नोकरी त्या दिवशी मिळाली नाही. पण त्याने पुन्हा प्रार्थना केली. पूर्ण वचनातला दिलासा कापलेल्या वचनातल्या दिलाशापेक्षा मोठा असतो, कारण तो सत्तर वर्षे टिकेल इतका मजबूत असतो.

हे पत्र नीट वाचणारा एक माणूस बाबेलमध्येच होता. दानीएल ९:२ सांगतं की त्याने यिर्मयाच्या ग्रंथात सत्तर वर्षांचं वचन वाचलं. मग त्याने काय केलं? 'आता सुटका आलीच' म्हणून आनंदोत्सव नाही. उपास केला, गोणपाट नेसला आणि आपल्या लोकांचं पाप कबूल केलं. अकराव्या वचनापुढे बारावं आणि तेरावं आहे : मला हाक मारा, मनापासून शोधा. दानीएलने तेही पाळलं.

आपल्या भाषेत पूर्ण वचन यावं म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू व ग्रीकमधून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, १९२२ साली त्या स्वतः गेल्या, आणि अनुवाद १९२४ साली प्रसिद्ध झाला. फक्त गोड वचनं निवडली असती तर काम किती लवकर आटोपलं असतं!

आज आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या.

१. माझ्या आवडत्या वचनाच्या आधी आणि नंतर काय लिहिलं आहे, हे मला माहीत आहे का?

२. वचनाने मला शेवटचं कधी अडवलं? क्षमा करताना, पैशाच्या व्यवहारात, घरात बोलताना?

३. देवाने न सांगितलेली मुदत मी त्याच्या नावावर खपवतोय का?

आज फार नको, तो एक अध्याय पूर्ण वाचा. मोठ्याने, घरच्यांसोबत.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आम्हाला ऐकायला आवडतं तेवढंच नाही, तर तू जे बोललास ते सगळं ऐकणारे कान दे. वाट पाहण्याच्या दिवसांतही बाग लावायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.