एकच खड्डा, अनेक तक्रारी

नागरी तक्रारींच्या अभ्यासकाला भिलाईची रचना उद्बोधक वाटेल. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची वसाहत क्रमांकित सेक्टरांत विभागलेली असून तिची देखभाल मुख्यतः कारखान्याकडे आहे. सुपेलासारखा भाग नगर निगमाकडे. साहजिकच सीमेवरील एकाच खड्ड्याची तक्रार दोन्हीकडे, आणि शेजारीपाजारी मिळून दहादा, नोंदली जाऊ शकते.

ब्रिटनमध्ये 2007 साली सुरू झालेल्या ‘फिक्समायस्ट्रीट’ या सेवेत तक्रारदाराला नकाशावर आसपासच्या जुन्या तक्रारी आधी दिसतात. आपलीही तीच असेल, तर तो तिच्याशीच स्वतःला जोडून घेतो.

केवळ अंतर पाहून यंत्राने तक्रारी एकत्र कराव्यात, हा मोह मात्र आवरावा. मोबाईलने दर्शविलेले स्थान काही मीटर चुकते. शेजारच्या दोन खांबांवरील दिवे बंद असले, तर एक लागताच दोन्ही तक्रारी निकाली निघतात आणि दुसऱ्या खांबाखाली अंधार तसाच राहतो. यंत्राने फक्त सुचवावे. खांबाचा क्रमांक पाहून निर्णय माणसाने करावा. जोडलेल्या तक्रारदारांची संख्याही पुसू नये, कारण दुरुस्तीचा क्रम ठरविण्यास तीच उपयोगी पडते. काम झाल्यावर प्रत्येकास कळवावे. ज्याचा दिवा अद्याप बंदच असेल, त्याला आपली तक्रार पुन्हा वेगळी उघडता यावी.