संस्थेचे काम मोजावे कसे?

विद्यार्थी मित्रांनो, आणि हा अंक तुमच्या दप्तरातून काढून तुमच्याआधी वाचणाऱ्या पालकांनो,

कोणत्याही संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. पटसंख्या, निकालाची टक्केवारी, वाटलेल्या वह्या, घेतलेली शिबिरे, देणगीदारांची यादी. आकडे भरपूर असतात. परंतु त्यांतले बहुतेक आकडे आपण काय दिले हे सांगतात. मुलांच्या पदरात काय पडले हे त्यांतून कळत नाही. शंभर वह्या वाटल्या हे खरे, पण त्यांत लिहिले गेले का?

मी गणित शिकवते, म्हणून अहवालातले आलेख काढण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आले होते. एका वर्षी दहावीचा निकाल तीन टक्क्यांनी वाढला. संगणकावर स्तंभालेख काढला, तर त्याने उभा अक्ष शून्याऐवजी ऐंशीपासून धरला आणि नव्या वर्षाचा स्तंभ जुन्याच्या दुप्पट उंच दिसू लागला. मला ते कळले होते. छान दिसत होते, म्हणून मी तसेच राहू दिले. सभेत टाळ्या पडल्या. नंतर एक वृद्ध विश्वस्त जवळ येऊन म्हणाले, "बाई, निकाल दुप्पट झाला का हो आपला?" ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटले होते. तेव्हापासून या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होते.

सेवाभावी संस्थेने आपले काम कसे मोजावे, याचे एक चांगले उदाहरण आपल्याच वडोदऱ्यात घडले आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे आपण दर जयंतीला ऐकतो. पण याच शहराच्या नगरपालिकेच्या शाळांत २००१ ते २००३ या काळात जे झाले, ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

मुंबईत १९९५ साली सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था तेव्हा वडोदऱ्यातही काम करत होती. तिसरी-चौथीत पोहोचूनही ज्यांना नीट वाचता येत नाही, साधी बेरीज-वजाबाकी जमत नाही, अशा मुलांसाठी तिने 'बालसखी' योजना चालवली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, दहावी-बारावी शिकलेली एखादी मुलगी. तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. चार तासांच्या शाळेतले दोन तास मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती वर्गाबाहेर घेऊन बसायची. कधी व्हरांड्यात, कधी मिळेल त्या खोलीत. मुलांच्या ओळखीच्या भाषेत पायापासून पुन्हा सुरुवात करायची.

योजना चांगली वाटते. पण चांगली वाटणे म्हणजे उपयोगी पडणे नव्हे. वर्षाअखेर मुले पुढे गेलेली दिसली, तरी ती बालसखीमुळे गेली की वय वाढल्यामुळे, हे कसे ठरवायचे? बालसखी असलेल्या आणि नसलेल्या शाळांची तुलना करावी, तर ज्या मुख्याध्यापकांनी उत्साहाने बालसखी मागून घेतली असेल, त्यांच्या शाळा मुळातच बऱ्या असायच्या.

यावर अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती योजली. (बॅनर्जी आणि ड्युफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅनर्जींच्या मातोश्री निर्मलाताई मूळच्या मराठी, हे जाता जाता सांगते.) प्रत्येक शाळेला बालसखी मिळणार होतीच. मात्र निम्म्या शाळांत ती तिसरीला आणि उरलेल्या निम्म्यांत चौथीला. कुठल्या शाळेत कुठली इयत्ता, हे सोडत काढून ठरले. त्यामुळे एका गटातली तिसरी दुसऱ्या गटातल्या तिसरीशी ताडून पाहता आली, चौथीचेही तसेच, आणि तरीही एकही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही. मुख्याध्यापकांकडे तक्रारीला जागा नव्हती आणि हिशेबही चोख झाला. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या मुलांची भाषेची व गणिताची सारखीच चाचणी घेतली गेली.

वडोदरा आणि मुंबई या दोन्ही शहरांचे मिळून निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. वरच्या वर्गातल्या मुलांना 'प्रमाण विचलन' ओळखीचे असेल. इतरांसाठी असे सांगता येईल: शंभर मुले गुणांच्या चढत्या क्रमाने उभी केली आणि मधोमध पन्नासाव्या जागी असलेल्या मुलाला ०.२८ ची मदत मिळाली, तर तो साधारण एकसष्टाव्या जागी जातो. महिना पाचशे-साडेसातशे रुपयांत हे वाईट नाही.

पण नुसती सरासरी बघून थांबले असते तर खरी गोष्ट निसटली असती. मुले दोन प्रकारची होती. काही बालसखीकडे जात होती; काही वर्गातच राहत होती, आणि मागे पडलेली मुले बाहेर गेल्यामुळे त्यांचा वर्ग आता लहान झाला होता. वर्ग लहान झाला की शिकणे सुधारते असे आपण सगळेच मानतो. पण वर्गात राहिलेल्यांच्या गुणांत फरक पडल्याचे दिसले नाही. लाभ झाला तो बालसखीकडे गेलेल्यांनाच, म्हणजे ज्यांच्यासाठी योजना होती त्यांनाच. बेरीज फोडून पाहिली म्हणून हे समजले.

आणखी दोन गोष्टी याच अभ्यासात निघाल्या. योजना संपून वर्ष झाल्यावर मुलांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा लाभ बराच ओसरून ०.१ च्या आसपास उरला होता. आपल्या रांगेच्या हिशेबात एकसष्टाव्या जागेवरून चौपन्नाव्या जागेवर. अहवालात हे लिहायला धीर लागतो, आणि तो त्यांनी दाखवला. दुसरी गोष्ट वडोदऱ्यापुरतीच. इथल्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले, एका संगणकापुढे दोन मुले. दुसऱ्या वर्षी गणिताच्या गुणांत ०.४७ ची वाढ झाली, म्हणजे पन्नासावा मुलगा अडुसष्टाव्या जागी. मग संगणकच घ्यावेत की! पण दर मुलामागचा खर्च मांडला तेव्हा संगणक बालसखीच्या कित्येक पट महाग पडला, आणि तेवढ्याच पैशांत बालसखीचे पारडे जड ठरले. नव्या संगणककक्षासाठी देणगी मागण्यापूर्वी विश्वस्तांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, ही नम्र विनंती.

एवढे मोठे प्रयोग प्रत्येक संस्थेला कुठून जमणार, असे कोणी म्हणेल. जमणार नाहीतच. पण मोजण्याचे साधन साधे असू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने, न शिकलेल्या सुइणींनाही बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून मण्यांचे एक साधन केले. वाळूचे एका मिनिटाचे घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजावा. हिरवे मणी, लाल मणी. आलेख आणि मोजपट्टी दोन्ही एकाच चौकटीत, आणि वापरणाऱ्या बाईला शंभरापर्यंत मोजता येण्याचीही गरज नाही. याच संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू नोंदवला. म्हणूनच दर हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ पर्यंत २५ वर आला, हे तिला दाखवून देता आले.

शिक्षणात असे साधन म्हणजे 'असर'ची चाचणी. 'प्रथम'ने २००५ पासून ग्रामीण भारतात ही पाहणी सुरू केली. स्थानिक स्वयंसेवक जिल्ह्यातल्या निवडक गावांत, गावातल्या वीस घरांत जातात आणि मुलांना एकेकटे वाचायला लावतात. घरीच का? कारण शाळेत गेले तर त्या दिवशी गैरहजर असलेले मूल मोजलेच जात नाही, आणि बहुधा तेच मागे असते. चाचणी एका पानावर मावते: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत सहज वाचते ती त्याची पातळी. गुण नाहीत, पास-नापास नाही.

आता आलेखाकडे वळू. अशा माहितीला विभाजित स्तंभालेख शोभतो. प्रत्येक इयत्तेचा एक स्तंभ, आणि त्याचे पाच तुकडे: अक्षरही न येणारे, अक्षरापर्यंत, शब्दापर्यंत, परिच्छेदापर्यंत आणि गोष्ट वाचणारे. स्तंभाचा तळचा तुकडा दिसला की कोणासोबत बसायचे आहे ते कळते. सरासरी हे सांगत नाही. समजा एका वर्गात सगळ्यांना पन्नास गुण आहेत, आणि दुसऱ्यात निम्म्यांना नव्वद व निम्म्यांना दहा. दोन्हींची सरासरी पन्नासच. पहिल्या वर्गाला थोडी उजळणी पुरेल. दुसऱ्यातल्या निम्म्या मुलांचे वर्ष वाया चालले आहे.

'असर'चेच तीन आकडे घ्या. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के, कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के होते. उभा अक्ष शून्यापासून शंभरपर्यंत घेतला, तर तीन बुटके स्तंभ दिसतात. मधला जरा अधिक बुटका. अक्ष वीसपासून अठ्ठावीसपर्यंत घेतला, तर मधला स्तंभ जवळजवळ दिसेनासा होतो आणि तिसरा एकदम आभाळाला भिडतो. आकडे तेच, पण पहिल्या चित्रातून कळते की चारांपैकी जेमतेम एका मुलाला वाचता येते. दुसरे चित्र म्हणते, संकट आले होते आणि टळले. दुसरे चित्र अगदी खोटे आहे असे मी म्हणणार नाही, कारण वाढ खरीच झाली आहे. मात्र स्तंभालेखात डोळा उंची मोजतो, म्हणून अक्ष शून्यापासूनच हवा. बारीक चढउतारच दाखवायचे असतील तर रेषालेख काढावा आणि अक्ष कुठून सुरू होतो ते ठळक लिहावे.

आता थोडे कडू. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम'ने गावकऱ्यांकडूनच मुलांची चाचणी घेववली आणि गावाचे प्रगतिपत्रक तयार करवले. आपल्या मुलाला वाचता येत नाही, हे अनेक आईबापांना तेव्हा प्रथमच कळले. सभा झाल्या, चर्चा झाल्या. अपेक्षा अशी होती की हे चित्र पाहून गाव शाळेला जाब विचारेल. तसे घडले नाही. ज्या गावांत नुसती माहिती दिली आणि प्रगतिपत्रक मांडले, तिथे मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. ज्या गावांत त्याच्या जोडीला स्थानिक तरुणांना शिकवण्याची साधी पद्धत दाखवून वाचनवर्ग चालवले, तिथे वर्गाला येणारी मुले शिकली. मात्र वर्गाला येणारी मुले फार थोडी होती, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे.

म्हणून आपल्या शाळेसाठी माझी सूचना अहवालातले आलेख वाढवण्याची नाही. ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाकडून मराठीचे एक पान वाचून घ्यावे. घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलणाऱ्या आपल्या मुलांचे वाचन नेमके कुठे अडखळते, ते आपल्यालाही ठाऊक नाही. मुलांची नावे फक्त वर्गशिक्षकांच्या वहीत राहावीत. फळ्यावर किंवा अहवालात नुसते तुकड्यांचे स्तंभ असावेत. आणि तळच्या तुकड्यातल्या मुलांसोबत रोज अर्धा तास कोण बसणार, ते चाचणीच्या आधीच ठरवावे. अकरावीच्या मुलींनी विचारले तर मी प्रशिक्षण द्यायला तयार आहे.

आठवी-नववीच्या मुलांना गृहपाठ: 'असर'चे वरचे तीन आकडे घेऊन दोन स्तंभालेख काढा, एक शून्यापासून आणि एक वीसपासून. आकडे न सांगता दोन्ही घरी आजी-आजोबांना दाखवा आणि त्यांना काय वाटले ते त्यांच्याच शब्दांत आलेखाखाली लिहून आणा.