वादळानंतरचीं चाळीस वर्षें

इंग्रज खलाशी जॉन न्यूटन यानें १७४८ च्या समुद्रवादळांत देवाचा धांवा केला, हें आपण सांगतों. पण त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांच्या जहाजांवर होता, त्यांचा कप्तानही झाला, हें सांगत नाहीं. १७६४ मध्यें तो धर्मोपदेशक झाला. तरी त्या व्यापाराविरुद्ध त्याचें पुस्तक निघालें तें १७८८ मध्यें. त्यांत आपला दोष त्यानें लपविला नाहीं. कबुलीस फार उशीर झाला, हेंही स्वतःच लिहिलें. १८०७ मध्यें ब्रिटिश कायद्यानें तो व्यापार बंद झाला. त्याच वर्षीं न्यूटन निवर्तला.

आम्हांस वाटतें, ख्रिस्ताच्या क्षमेवर भरंवसा ठेवणाऱ्यासच गतायुष्याकडे निर्भयपणें पाहतां येतें. आपण देवाजवळ क्षमा मागतों. ज्याचा अपराध केला, त्याच्या दारीं मात्र जात नाहीं. विद्यार्थिबंधूंनो, चाळीस वर्षें कां थांबावें?