फोटो तुमचा, पण हक्क कोणाचा?

प्रश्न : पुण्याजवळच्या डर्ट ट्रॅक शर्यतींचे फोटो काढून मी रायडरना प्रिंट विकतो. आता एका हेल्मेट कंपनीला त्यातला एक फोटो जाहिरातीसाठी हवाय. प्रिंटच्याच दराने द्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. प्रिंट घेणारा रायडर कागद विकत घेतो, फोटो छापायचा हक्क नाही. कंपनीला द्यायचा तो परवाना, आणि त्याची किंमत वापरावर ठरते: इन्स्टाग्राम की होर्डिंग, किती महिने, फक्त त्यांनाच की इतरांनाही. हे सगळं कागदावर आणा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर अख्खा भारत. व्हॉट्सॲपवरच्या 'ओके'वर व्यवहार उरकू नका.

खरी मेख पुढे आहे. फोटो स्वतःहून काढला असेल तर मालक तुम्ही. पण एखाद्या संघाने पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो संघ! तेव्हा आधी जुनी बिलं तपासा. मीडिया पासच्या अटीही वाचा. काही पास फक्त बातमीपुरते असतात. रायडरची लेखी संमती घ्याच. चेहरा हेल्मेटमध्ये असला तरी नंबर दिसतोच.