पाणी आणि प्राचीन वास्तू : कुळगीच्या परिसरातून एक अभ्यास

दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर जंगलात, कुळगी हे लहानसे गाव लागते. वनखात्याचे निसर्ग शिबिर आणि तेथील माहिती केंद्र यांमुळे हे नाव आता दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाले आहे. आमची अभ्याससहल तेथे गेली असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आपल्या जोयडा तालुक्यात बघण्यासारखी जुनी वास्तू कोणती? विजापूरला गोलघुमट आहे, हंपी आहे, वेरूळ-अजिंठा आहे. आपल्याकडे नुसते जंगल आणि पाणी!"

प्रश्न रास्त होता. त्यावेळी दिलेले उत्तर मात्र मला स्वतःलाच पटले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे. 'नुसते पाणी' हे त्याचे शब्द मनात राहिले होते. जुन्या वास्तूंचा अभ्यास करू लागले की पदोपदी पाणीच भेटते. कोठे ते घडवते, कोठे झिजवते, तर कोठे गावेच्या गावे पोटात घेते. या तीनही गोष्टी कुळगीपासून एका दिवसाच्या अंतरात पाहावयास मिळतात.

प्रथम घडवणारे पाणी पाहू. कुळगीच्या पुढे, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, कवळा गुहा आहेत. महाशिवरात्रीला तेथे यात्रेकरूंची रीघ लागते. अरुंद वाटेने, काही ठिकाणी वाकून, काही ठिकाणी रांगत आत गेल्यावर स्वयंभू शिवलिंगाचे दर्शन घडते. या गुहा ज्वालामुखीमुळे निर्माण झाल्या असे पर्यटकांना हौसेने सांगितले जाते. ते खरे नव्हे. हा खडक चुनखडीचा आहे आणि चुनखडीतली गुहा कोरते ती पाण्याची धार. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहूनही अधिक प्रमाणात जंगलातल्या कुजलेल्या पाल्याच्या थरातला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी भेगांतून झिरपताना चुनखडी विरघळवत जाते. गुहेच्या छताशी पोहोचलेल्या थेंबातून तो वायू निसटला की विरघळलेला चुना पुन्हा घनरूप होऊन तेथेच बसतो. छतावरून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ आणि जेथे थेंब पडतो तेथून वर चढतो तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. आपण ज्याला स्वयंभू लिंग म्हणतो ते हेच. 'स्वयंभू' हा शब्द येथे विज्ञानाच्या दृष्टीनेही अगदी चपखल बसतो, हे भाविक वाचकांना आवडेल!

या वाढीची गती फार मंद असते. वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तरी वीतभर उंची वाढण्यास दोन हजार वर्षे लागतील. सातवाहनांच्या काळापासून आजपर्यंत एक वीत! असा स्तंभ कोणी आठवण म्हणून तोडून नेला तर तो परत मिळणे नाही. नुसता हात लावण्यानेही हानी होते. कातडीचा तेलकटपणा पृष्ठभागावर राहतो, पुढचे थेंब तेथे नीट धरत नाहीत आणि वाढ खुंटते. मशालींचा व कापराचा धूर दगडावर काजळीचा थर चढवतो. दूध, कुंकू आणि फुले यांवर बुरशी पोसते. फ्रान्समधील लास्को येथील गुहा १९४० साली उजेडात आली. तिच्यातील प्राचीन भित्तिचित्रे पाहण्यास माणसांची इतकी झुंबड उडाली, की केवळ श्वासोच्छ्वासाने आतली हवा बिघडून भिंतींवर शेवाळ धरू लागले आणि १९६३ साली ती लोकांना बंद करावी लागली. पुढे १९८३ मध्ये शेजारीच तिची हुबेहूब प्रतिकृती उभारून पर्यटकांची सोय करण्यात आली. आपल्या यात्रेकरूंना प्रतिकृतीचे दर्शन घ्या असे कोण सांगणार? सांगूही नये. परंतु लिंगाला हात न लावता दूरून नमस्कार करण्याची आणि पूजाद्रव्ये बाहेरच्या पात्रात वाहण्याची पद्धत गावकऱ्यांनी आणि पुजाऱ्यांनी ठरवली, तर ती पाळली जाईल असा माझा अनुभव सांगतो. देवाच्या दारी पुजाऱ्याचे शब्द सरकारी पाटीपेक्षा अधिक ऐकले जातात.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आमच्या मुलांना गुहेबाहेर आल्यावर समजली. पाण्याला आम्लधर्म देणारा पाला वरच्या जंगलातला. ते जंगल गेले तर पाणी तेच राहणार नाही, थेंबही तसा पडणार नाही आणि लिंगाची वाढ थांबेल. म्हणजे या देवालयाचे छप्पर जंगलाचे आहे. ही गुहा स्मारक म्हणून नव्हे, तर अभयारण्यात असल्यामुळे राखली गेली आहे. १९५६ साली दांडेली अभयारण्य जाहीर झाले, २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. वाघासाठी केलेला कायदा अशा रीतीने शिवलिंगाच्याही उपयोगी पडला.

आता झिजवणारे पाणी. अनमोड घाट उतरून मोलेमला गेले की तेथून तांबडी सुर्ला जवळ आहे. गोव्याच्या कदंबांच्या काळातील महादेवाचे देऊळ तेथे नदीकाठी उभे आहे. बाराव्या-तेराव्या शतकातील ही वास्तू आकाराने लहान, परंतु गोव्यातील त्या काळची इतकी सुस्थितीतील दुसरी वास्तू नाही. ती काळ्या बसाल्टची आहे. आसपास जांभा विपुल असता हा दगड घाटावरून उतरवून आणला असे अभ्यासक मानतात. शिल्पींनी एवढा खटाटोप का केला असावा, हे पाऊस पाहिला की ध्यानी येते. जांभा मऊ व सच्छिद्र असतो. जमिनीतून काढताना तो सहज कापला जातो, हवेत राहून टणक होतो, म्हणून कोकणात घरांना चिरे त्याचेच. परंतु बारीक नक्षी त्यावर टिकत नाही. बसाल्ट पाणी पीत नाही. मंडपाच्या छतातील कमळ आणि खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती इतक्या शतकांच्या पावसानंतरही स्पष्ट दिसतात याचे श्रेय शिल्पकाराबरोबर दगड निवडणाऱ्यालाही दिले पाहिजे.

पाणी दगड फोडते ते सरळ आघाताने क्वचितच. ते सांध्यांतून शिरते, सांध्यात माती साठते, पक्ष्यांच्या विष्ठेतून वडा-पिंपळाचे बी पडते आणि पहिल्याच पावसाळ्यात दोन पाने डोके वर काढतात. त्यावेळी ते रोप दोन बोटांनी उपटता येते. दहा वर्षांनी त्याच मुळ्या शिखराचे दगड सुटे करतात. मग नुसती फांदी तोडून भागत नाही, कारण मुळी आतून पुन्हा फुटते. वास्तूच्या संरक्षणाचे निम्मे काम म्हणजे पावसाळ्याच्या आधी गटारे व पन्हळी मोकळ्या करणे आणि पावसाळ्यानंतर छतावरची रोपे उपटणे. या कामाला विद्वत्ता लागत नाही. शिडी आणि दरवर्षीची आठवण लागते. नेमकी तीच आपल्याकडे कमी पडते.

दुसरा शत्रू म्हणजे आपली हौस. जुने बांधकाम चुन्याचे असे. चुन्याच्या घाणीत वाळूबरोबर मळून, गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर असे पदार्थ घालून तो तयार करीत. असा चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेला ओलावा त्यातून बाहेर पडू शकतो. त्याजागी सिमेंट लिंपले की ओल आत कोंडते, बाहेर पडण्यासाठी दगडाचाच पृष्ठभाग फोडते, आणि सिमेंटची लिंपण जशीच्या तशी राहून शेजारचा चिरा भुगा होतो. तेलरंगाचेही तेच. मी हे कोणा दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावच्या जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारात कोरीव खांबांना चकचकीत तेलरंग देण्यात आला. त्या वर्गणीच्या यादीत माझेही नाव होते आणि रंग पाहून 'छान झाले' असे मी म्हणालोही होतो. तिसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटले आणि त्यांच्या पाठीला दगडावरच्या नक्षीची धूळ चिकटून आली. ती मी हातात घेऊन पाहिली आहे.

आपल्याकडून चूक झाली तर नवल नाही, कारण तज्ज्ञांकडूनही ती झालेली आहे. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या दोघा जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटलेले पापुद्रे परत चिकटवले, हे काम चांगले झाले. परंतु संरक्षणासाठी वापरलेले लाखेचे रोगण काळाच्या ओघात पिवळे पडून काळवंडले आणि त्याखाली मूळ रंग झाकोळले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हे रोगण हळूहळू काढण्यात वर्षानुवर्षे घालवावी लागली. म्हणून १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून जगभर जी दृष्टी रुजली आहे तिचा गाभा असा, की मूळ द्रव्याचा मान राखून आवश्यक तेवढेच करावे आणि जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबवावा.

आपल्या देशात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १८६१ मध्ये स्थापन झाले, प्राचीन स्मारकांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९०४ चा आणि आजचा १९५८ चा. त्याच्या २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीने ठरले. केंद्राच्या यादीत सुमारे ३,७०० स्मारके आहेत. यादीबाहेरच्या असंख्य देवळांचे, विहिरींचे, वीरगळांचे काय, हा प्रश्न कायदा सोडवीत नाही. तो गावाने सोडवायचा.

राहिले ते बुडवणारे पाणी. येथे मात्र माझी लेखणी थोडी जड होते. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा हे आपल्या तालुक्याचे ठाणे होते. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले आणि १९८० च्या दशकात सुपा जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, अनेक कुटुंबे रामनगरला वसली. आपल्या महाविद्यालयात आजही असे विद्यार्थी आहेत ज्यांच्या आजी-आजोबांचे अंगण त्या पाण्याखाली आहे. त्या विजेवर दिवे लागले, कारखाने चालले, हे नाकारता येणार नाही आणि नाकारूही नये.

परंतु गाव बुडताना काय वाचवले जाते याचा हिशेब निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा लागलेला आहे. ईजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या वेळी अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून, मूळ जागेपासून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभी केली गेली; युनेस्कोच्या हाकेला जगाने मदत केली. आंध्रात नागार्जुनकोंड्याचे अवशेष १९५४ पासून उत्खनन करून, जलाशयातून वर राहणाऱ्या टेकडीवर हलवले गेले. आणि आपल्या अगदी शेजारी, गोव्याच्या सांगे तालुक्यात, साळावली धरणाच्या पाण्यात कुर्डी गाव जाणार असता तेथील जांभ्याचे प्राचीन महादेव मंदिर पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगडांना क्रमांक घालून सोडवले व सुमारे सतरा किलोमीटरांवर, धरणाजवळ, जसेच्या तसे पुन्हा रचले. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी ते हेच. गाव मात्र पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती उघडी पडतात आणि मे महिन्यात पांगलेले गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमून उत्सव करतात. भीमेवरील उजनीच्या जलाशयातले पळसनाथाचे देऊळही पाणी फार आटले की असेच वर येते.

सुप्याला अबू सिंबेल नव्हते. तेथे होती माणसांची घरे, बाजार, देवळे, नदीचे घाट आणि ओळखीच्या पायवाटा. अशा गोष्टींना क्रमांक घालून कोणी दुसरीकडे रचत नाही. त्या माणसांच्या बोलण्यातच राहतात आणि ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. दगडाला थांबायला वेळ असतो, त्यांना नाही.

म्हणून ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला त्याला मी पुढील सुट्टीचा अभ्यास दिला आहे. इतरांनीही तो घ्यावा. एक मोठा कोरा कागद घेऊन आजीजवळ किंवा शेजारच्या वृद्धांजवळ बसावे. प्रथम काळी आणि पांढरी या नद्या काढून घ्याव्यात, मग दिशा ठरवाव्यात. बाजाराचा रस्ता कोठून कोठे जाई, देवळाचे तोंड कोणीकडे होते, भिंती जांभ्याच्या की मातीच्या, छप्पर कशाचे, पाणी कोठून भरत, शाळेची घंटा कोठे टांगलेली असे, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावे. कोंकणीत सांगितले तर कोंकणीत, मराठीत तर मराठीत, कन्नडात तर कन्नडात. एकाच घराविषयी दोघांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही लिहावीत, खोडू नयेत. सांगणाऱ्याचे वय आणि नोंद घेतल्याची तारीख कोपऱ्यात घालावी. त्या विद्यार्थ्याने पहिला कागद गेल्या आठवड्यात आणून दाखवला. त्यावर आजीने स्वतःच्या हाताने एक रेघ ओढली आहे आणि तिच्याजवळ नातवाने लिहिले आहे : 'ही आमची नदीवर जायची वाट.'