शिक्षकाची रोजनिशी : अध्यापनाचा आरसा

शिक्षक वर्गात पाऊल ठेवतो, तेव्हा पाठाचे टाचण त्याच्यापाशी तयार असते. काय शिकवावयाचे, कोणते प्रश्न विचारावयाचे, हे त्यात लिहिलेले असते. प्रत्यक्षात काय घडले, कोणते मूल गप्प राहिले आणि का, हे मात्र टाचणात सापडत नाही. ही उणीव शिक्षकाने स्वतःसाठी लिहिलेली रोजनिशी भरून काढते.

रोज लिहिणाऱ्या शिक्षकाची परंपरा खानदेशाला परकी नाही. धरणगावहून रेल्वेने जवळच असलेल्या अमळनेरच्या हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृह सांभाळत असतानाच त्यांनी 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित चालविले. ते विद्यार्थ्यांसाठी होते. तथापि कामाच्या रगाड्यातही नित्य लेखन होऊ शकते, हे त्यावरून दिसते. अनुभवाचा विचारपूर्वक मागोवा घेतला तरच त्यातून शिक्षण घडते, हा विचार अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी मांडला होता. रोजनिशीचे मर्म तेच आहे.

याकरिता शाळा सुटल्यावर दहा मिनिटे पुरेशी आहेत. आज काय ठरविले होते? काय घडले? उद्या काय बदलावयाचे? एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

एक उदाहरण घेऊ. धरणगाव परिसरातील अनेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. पहिलीच्या वर्गात गुरुजींनी 'कथा सांग' म्हटले आणि मूल गोंधळून गप्प बसले, तर 'मूल मंद आहे' अशी नोंद करून भागणार नाही. 'माझा शब्द त्याला कळला नाही' असे लिहिणाऱ्या शिक्षकाला दुसऱ्या दिवसाची वाट सापडते. तो आधी 'गोष्ट' म्हणेल आणि मुलाला घरच्या बोलीत बोलू देईल. पहिल्या नोंदीने मुलावर शिक्का बसतो. दुसरीने शिक्षक सुधारतो.

मात्र ही वही तपासणीसाठी मागविली जाऊ नये. शेऱ्याचे भय निर्माण झाले की चुका लपविल्या जातात आणि वही शोभेची होते. मुख्याध्यापकांनी वही पाहण्याऐवजी महिन्यातून एकदा शिक्षकांना एकत्र बसवून अनुभवांची देवाणघेवाण घडवून आणावी.

साध्या वहीखेरीज यास कोणताही खर्च नाही. गरज आहे ती स्वतःची चूक स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिण्याच्या धैर्याची. त्या धैर्याचा लाभ अखेर शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलालाच होणार आहे.