बाटलीत काय आहे, हे कळायला किती खर्च येतो?

प्रयोगशाळेच्या काउंटरवर बाटली ठेवून ‘यात काय काय आहे ते सांगा’ म्हणालात, तर पाच आकडी कोटेशनची तयारी ठेवा. त्याच बाटलीबद्दल ‘यात सरकीचं तेल आहे का?’ एवढंच विचारलंत, तर काम काही शे रुपयांत उरकू शकतं. बिल फुगतं ते बहुतेक वेळा मोघम प्रश्नामुळे. पुढचे दर खासगी प्रयोगशाळांचे, अंदाज बांधण्यापुरते आहेत. शहर आणि काम बदललं की तेही बदलतात. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

घाण्याच्या शेंगदाणा तेलाचंच घ्या. ते महाग, त्यामुळे त्यात सरकी, पामोलीन किंवा सोयाबीन ढकलण्याचा मोह मोठा. सरकीचा संशय असेल तर हाल्फेन चाचणी मागा. तेलात अमाइल अल्कोहोल आणि गंधक विरघळवलेलं कार्बन डायसल्फाइड घालून तापवतात. सरकी असली तर लाली चढते. मात्र सरकीचं तेल आधी फार तापवलेलं किंवा हायड्रोजनेशन केलेलं असेल तर हा रंग येत नाही. म्हणजे लाली आली तर संशय पक्का, पण नाही आली म्हणून तेल शुद्ध ठरत नाही. तिळाच्या तेलासाठी अशीच बॉडुइन चाचणी आहे.

दुसरी स्वस्त चाचणी बेलियरची. शेंगदाणा तेलात लांब साखळीची संपृक्त मेदाम्लं असतात, आणि तेलाचा साबण करून अल्कोहोलमध्ये हळूहळू थंड केला की त्यांच्यामुळे द्रावण लवकर गढूळ होतं. शेंगदाण्यासाठी हा गढूळपणा ३९ ते ४१ अंश सेल्सिअसला दिसायला हवा. थर्मामीटरकडे बघत बसणारा अनुभवी माणूस असला की ही जुनी पद्धत अजूनही कामाची आहे. यातही संशयच बळावतो; भेसळ कशाची, ते कळत नाही.

ते कळायला फॅटी ॲसिड प्रोफाइल. दर साधारण दोन ते चार हजार. थोडंसं तेल, मिथेनॉलमधला पोटॅश आणि हेप्टेन एकत्र हलवतात, दोन थर सुटले की वरच्या थरातलं एक मायक्रोलिटर सुईने गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात. लांबलचक बारीक नळीतून मेदाम्लं आपापल्या वेगाने पुढे सरकतात आणि कागदावर एकामागून एक शिखरं उमटतात. पामिटिक आम्ल शेंगदाण्यात साधारण ८ ते १४ टक्के, पाम तेलात चाळिशीच्या पुढे. लिनोलेनिक आम्ल शेंगदाण्यात जवळजवळ नसतं, सोयाबीनमध्ये पाच टक्क्यांच्या वर जातं. रिपोर्टमध्ये निकालाशेजारी प्रमाणित मर्यादांचा रकाना हवा, हे नमुना देतानाच सांगा. नाहीतर हातात नुसते आकडे येतात आणि अर्थ लावायला वेगळी फी पडते. आणि भेसळ अगदी थोडी असेल तर ती शेंगदाण्याच्या नैसर्गिक चढउतारात लपून जाते. तीन हजार खर्चूनही उत्तर ‘सांगता येत नाही’ असं येऊ शकतं, ही तयारी ठेवा.

एक मायक्रोलिटर लागतं, मग पाव लिटर तेल कशाला मागतात? चाचणी पुन्हा करावी लागली तर, बाकीच्या चाचण्यांसाठी आणि राखीव नमुन्यासाठी. बाटली काचेची, कोरडी घ्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतून नेलेल्या नमुन्यात प्लास्टिकातली रसायनंही उतरतात आणि रिपोर्टमध्ये पाहुण्यासारखी येऊन बसतात.

अजिबातच माहीत नसलेला द्रव असेल, उदाहरणार्थ लेबल नसलेला थिनर किंवा क्लिनर, तर पहिली पायरी एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांची चाचणी. पाचशे ते दीड हजारात कोणत्या प्रकारची रसायनं आहेत याचा अंदाज येतो. मग जीसी-एमएस, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफला (जीसी) जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, दोन ते पाच हजार. या रिपोर्टवर लोक हमखास फसतात. ‘मॅच ९२ टक्के’ म्हणजे संगणकातल्या संग्रहाशी जुळणी. ते प्रमाणही नाही आणि शुद्धताही नाही. ‘एरिया टक्के’ म्हणजे वजनाचे टक्के नव्हेत. शिवाय जीसीत वाफ होणारंच दिसतं. मीठ, साबण, पॉलिमर त्यात येतच नाहीत. टक्क्यांची बेरीज शंभर भरली तरी ते शंभर फक्त वाफ झालेल्या भागाचे. नेमकं प्रमाण हवं असेल तर त्या त्या पदार्थाचं संदर्भ रसायन विकत आणावं लागतं आणि बिल चढतं ते तिथे. स्पर्धकाच्या मालाचं पूर्ण सूत्र काढून द्या म्हटलं की पंचवीस हजारांपासून लाखापर्यंत कितीही सांगतात. छोट्या उद्योजकाने या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. सूत्र कळलं तरी ते कोणत्या क्रमाने आणि किती तापमानाला मिसळलं, हे रिपोर्ट सांगत नाही.

घटक वेगळे होतात हे ऐकून ते परत हातात मिळतील असं वाटत असेल तर थांबा. जीसीतून बाहेर पडणारा पदार्थ बऱ्याचदा डिटेक्टरच्या ज्योतीत जळून जातो. पदार्थ बाटलीत भरून हवा असेल तर ते निराळं काम. सिलिका जेलच्या स्तंभातून काही ग्रॅम वेगळे करायला केमिस्टचे दिवस आणि लिटरने सॉल्व्हेंट जातं. दहा हजारांच्या आत फारसं कोणी हात लावत नाही. तेलात मिसळलेलं पामोलीन तर व्यवहारात परत काढताच येत नाही.

वापरलेलं सॉल्व्हेंट परत काढणं मात्र खर्चाच्या हिशेबात बसतं. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, टोल्युइन ११०.६ ला, हे मिश्रण ऊर्ध्वपातनाने नीट सुटतं. इथाइल ॲसिटेट आणि इथेनॉल मात्र ७७ आणि ७८ अंशांच्या आसपास उकळतात, वर ७२ च्या सुमाराला दोघंही जोडीनेच वर येतात. साध्या ऊर्ध्वपातनाने ते सुटणार नाहीत. म्हणून २०० लिटरचं पिंप जॉबवर्कला देण्याआधी अर्धा लिटर नमुन्यावर चाचणी घ्यायला सांगा आणि लिटरमागे किती माल परत मिळतो ते लेखी घ्या. गाळाची विल्हेवाट कोण लावणार, तेही त्याच कागदावर हवं. वापरलेलं सॉल्व्हेंट घातक कचऱ्यात मोडतं; ज्याच्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आहे त्यालाच द्या. घरी किंवा शेडमध्ये शेगडीवर हा उद्योग करू नका. ॲसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशांनाही पेट घेते.

प्रयोगशाळा निवडताना, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह पुरेसं नाही. मान्यता एकेका चाचणीला असते. तुमची चाचणी त्यांच्या व्याप्तीत आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या उपकरण-केंद्रात शिक्षणसंस्थांना एक दर, उद्योगांना दुसरा, बराच चढा. देशभरातल्या संशोधन संस्थांची यंत्रं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. कोटेशन मागताना नमुना तयार करण्याचा खर्च, तातडीचा आकार आणि पुन्हा चाचणीचा दर विचारा. ज्वलनशील द्रव कुरिअर घेत नाहीत. जाण्यायेण्याचा खर्च धरा.

तक्रार करायची असेल तर गणित बदलतं. तुम्ही स्वतः नेऊन दिलेल्या नमुन्याचा रिपोर्ट फक्त त्या नमुन्यापुरता असतो, आणि विक्रेता ‘तो माल माझा नाही’ म्हणून मोकळा होतो. अन्नपदार्थासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहक ठरलेलं शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो आणि माल नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळतं. अट एक: खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. सांगितल्यावर तो कोणता डबा पुढे करेल, याचा विचार तुम्हीच करा. ग्राहक आयोगात गेलात तर आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवालाला ४५ दिवस असतात आणि चाचणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगितलं जाऊ शकतं. म्हणून संशय येताच पावती जपा, आणि त्याच बॅचचा दुसरा डबा मिळाला तर न उघडता बाजूला ठेवा.